थॉमसबाईंचे रंग

आल्मा थॉमस हे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. अमेरिकन चित्रकार म्हटले की आपल्याला जॅक्सन पोलॉक आठवतो, अँडी वॉरहॉल आठवतो. स्त्रियांपैकी कोणी आठवलीच तर जॉर्जिया ओकीफ. आल्मा थॉमस यांची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात उरकलेली आढळते : ३५ वर्षे शाळेत चित्रकला शिकवून १९६० साली त्या निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर मोठ्या चित्रकार झाल्या. या वाक्यातील सन बरोबर आहेत. मला खटकतो तो मधला ‘आणि त्यानंतर’. जणू ती ३५ वर्षे म्हणजे स्टेशनवर बसून गाडीची वाट पाहणे होते. गाडी आली ती निवृत्तीनंतर!

हा प्रश्न केवळ एका परदेशी चित्रकर्तीचा नाही. आपल्या वर्गातील कितीतरी जण उद्या शाळा-कॉलेजात शिकवायला लागतील. त्यांत कोणी चित्रे काढणारा असेल, कोणी कविता करणारी असेल. ‘पूर्वी बरी चित्रे काढायचा हो, आता शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे,’ हे वाक्य आपण कोणत्या सुरात उच्चारतो ते आठवून पाहावे. त्या सुरात कीव असते. शिकवणे म्हणजे कलेची माघार, असे आपण मनोमन धरून चालतो. आल्मा थॉमस यांचे चरित्र या समजुतीची कसून परीक्षा घेते, म्हणून मला ते आपल्यासमोर मांडावेसे वाटले.

शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला आपण ‘बाई’ म्हणतो. तेव्हा मीही पुढे त्यांचा उल्लेख थॉमसबाई असाच करणार आहे.

जॉर्जियाची वाळू

आल्मा वुडसी थॉमस यांचा जन्म २२ सप्टेंबर १८९१ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील जॉर्जिया राज्यात, कोलंबस या गावी झाला. चार बहिणींत त्या थोरल्या. वडील व्यवसाय करीत. आईचा हात कपडे बेतण्या-शिवण्यात चांगला बसलेला होता. घर खाऊनपिऊन सुखी होते. आजोळची शेतीवाडी शेजारच्या अलाबामा राज्यात होती. सुट्टीत तेथे गेल्यावर ओढ्याकाठच्या चिकणमातीची भांडीकुंडी करणे हा छोट्या आल्माचा आवडता खेळ. रंगांचा आणि हाताने काही घडवण्याचा नाद तिला असा लागला.

पण घर सुखी असले तरी कातडीचा रंग काळा होता. गावातील वाचनालयाची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. संग्रहालयात पाऊल टाकायची सोय नव्हती. माध्यमिक शिक्षण घ्यायचे तर कृष्णवर्णीय मुलांसाठी गावात शाळाच नव्हती. अशात १९०६ साली जॉर्जियाच्या राजधानीत, अटलांटा येथे, कृष्णवर्णीयांवर भीषण हल्ले झाले. दुसऱ्याच वर्षी, १९०७ मध्ये, थॉमस कुटुंबाने बिऱ्हाड हलवले आणि राजधानी वॉशिंग्टन गाठली. एक आठवण सांगतात. आगगाडी पोटोमॅक नदीपाशी आली तेव्हा मुलींना बूट काढून त्यांतली जॉर्जियाची वाळू झटकून टाकायला सांगण्यात आले. गाव सोडताना मूठभर माती पदरात बांधून नेणारी माणसे आपल्याला माहीत आहेत. येथे माती झटकावी लागली, यातच सारे आले.

वॉशिंग्टन तरी मोकळे होते असे नाही. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. परंतु काळ्यांसाठी निदान चांगल्या शाळा होत्या आणि हॉवर्ड विद्यापीठ होते. थॉमस कुटुंबाने शहरातील पंधराव्या रस्त्यावर घर घेतले. पुढे १९७८ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ७० वर्षे, थॉमसबाईंचा पत्ता तोच राहिला.

आर्मस्ट्राँग या तंत्रशिक्षणाच्या शाळेत त्यांना गणित आवडे, वास्तुरचनेची चित्रे आवडत. आपण वास्तुविशारद व्हावे असे त्यांना वाटे. १९११ साली एका कृष्णवर्णीय मुलीने असे स्वप्न पाहणे म्हणजे चंद्रावर जाण्याचे स्वप्न पाहण्यासारखेच होते. त्यांनी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला, मेरीलँडमध्ये काही काळ शिकवले आणि मग डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे एका सेवाकेंद्रात १९२१ पर्यंत मुलांना हस्तकला शिकवली. त्यानंतर, वयाच्या तिशीत, त्या हॉवर्ड विद्यापीठात गृहविज्ञान शिकायला दाखल झाल्या. रंगभूमीसाठी पोशाख आखावेत असा त्यांचा बेत होता. तेथे जेम्स हेरिंग नावाचे प्राध्यापक नवा कलाविभाग उभारीत होते. त्यांनी या विद्यार्थिनीची चित्रे पाहिली आणि तिला आपल्या विभागात ओढून घेतले. १९२४ साली थॉमसबाई पदवीधर झाल्या. हॉवर्डच्या कलाविभागाच्या त्या पहिल्या पदवीधर होत.

शॉ शाळा

त्याच वर्षी त्या वॉशिंग्टनमधील शॉ ज्युनिअर हायस्कूलमध्ये चित्रकला-शिक्षिका म्हणून रुजू झाल्या आणि १९६० पर्यंत तेथेच राहिल्या. बारा ते पंधरा वयाची कृष्णवर्णीय मुले ही त्यांची दुनिया. हे वय मोठे अवघड असते. बालपणीचे बेधडक चित्र काढणे संपलेले असते आणि ‘मला चित्र येत नाही’ असे मुले स्वतःच ठरवू लागतात. चित्रकलेच्या शिक्षकाची खरी कसोटी याच इयत्तांत लागते.

थॉमसबाईंनी या कामाकडे केवळ पोटापाण्याचा उद्योग म्हणून पाहिले नाही. १९३० पासून उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत त्या न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात जात आणि १९३४ साली त्यांनी कलाशिक्षणात एम. ए. केले. प्रबंधाचा विषय होता कळसूत्री बाहुल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या टोनी सार्ग या नामांकित बाहुलीकाराकडे ही कला शिकल्या. ही निवड सहज केलेली नव्हती. त्या काळी वॉशिंग्टनच्या मुख्य नाट्यगृहात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. ज्या मुलांना नाटकाच्या दारातून आत जाता येत नाही, त्यांच्यासाठी नाटकच वर्गात आणायचे, हा बाईंचा विचार. बाहुल्या करताना सुतारकाम होते, शिवणकाम होते, रंगकाम होते आणि शेवटी सगळ्यांनी मिळून खेळ उभा करायचा असतो. पोशाख आखण्याचे बाईंचे जुने स्वप्नही येथे थोडेसे पुरे झाले असेल.

१९३६ साली त्यांनी शाळांसाठी एक कलामंडळ सुरू केले. १९३८ साली तर त्यांनी हॉवर्डच्या संग्रहातून कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रे आणून शाळेतच कलादालन उघडले. वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांमधील ते पहिले कलादालन. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने काढलेले, चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले चित्र ही मुले प्रथमच पाहत होती. चित्रकला शिकवण्याच्या शेकडो तासांपेक्षा हा एक देखावा अधिक शिकवून गेला असेल, असे मला वाटते. संग्रहालयाच्या बंद दारापाशी ज्यांचे बालपण गेले, त्यांनीच पुढच्या पिढीसाठी शाळेत संग्रहालय मांडले.

१९४३ साली जेम्स हेरिंग आणि अलोन्झो एडन यांनी आपल्या राहत्या घरात बार्नेट-एडन कलादालन सुरू केले, त्याच्या उपाध्यक्षपदाची जबाबदारी थॉमसबाईंनी घेतली. हे दालन कृष्णवर्णीयांच्या मालकीचे. पण तेथे काळ्या-गोऱ्या सर्व चित्रकारांची चित्रे शेजारी-शेजारी लागत. वॉशिंग्टनमध्ये त्या काळी ही धाडसाची गोष्ट होती. तुलनेसाठी एकच उदाहरण देतो. हॉवर्डमध्ये शिकवणाऱ्या लोइस मेलू जोन्स या गुणी चित्रकर्तीला १९४१ साली शहरातील कॉर्कोरन कलादालनाच्या स्पर्धेत चित्र पाठवायचे होते. कृष्णवर्णीयांना स्पर्धेत स्थान नव्हते, म्हणून चित्र पोहोचवण्याचे काम सेलीन तबारी या त्यांच्या गोऱ्या फ्रेंच मैत्रिणीने केले. चित्राला पारितोषिक मिळाले, पण चित्रकर्तीला आपले नाव उघड करण्याची सोय नव्हती. याच दोघी मैत्रिणींनी पुढे घरी चित्रकारांचा एक अभ्यासगट चालवला. त्यात बहुतेक शिक्षक होते, आणि त्यांत थॉमसबाईही होत्या.

पुन्हा विद्यार्थिनी

दिवसभर शाळा आणि संध्याकाळी अभ्यासगट, असे असताना १९५० साली, वयाच्या ५९ व्या वर्षी, थॉमसबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. वॉशिंग्टनमधील अमेरिकन विद्यापीठात रात्रीच्या आणि सुट्टीच्या वर्गांना त्या अनेक वर्षे जात राहिल्या. त्यांना शिकवणारे जेकब केनन यांच्यासारखे प्राध्यापक वयाने त्यांच्याहून बरेच लहान होते. तोवर बाईंची चित्रे वास्तवदर्शी होती : टेबलावरची फळे, फुलदाणी, माणसे. या वर्गांत हळूहळू आकार विरघळू लागले आणि रंग पुढे आला. अमूर्त चित्राकडे त्या एका उडीत गेल्या नाहीत, पायरी-पायरीने गेल्या.

याच सुमारास त्यांच्याच शहरात रंगप्रधान चित्रांचा एक नवा प्रवाह उदयाला येत होता. मॉरिस लुईस आणि केनेथ नोलंड हे त्याचे अग्रणी. त्यांना पुढे ‘वॉशिंग्टन कलर स्कूल’ असे नाव पडले आणि थॉमसबाईंची गणनाही बहुधा त्यांच्यातच होते. पण वयाचा हिशेब मांडून पाहावा. लुईस यांचा जन्म १९१२ चा, नोलंड यांचा १९२४ चा. म्हणजे बाई हॉवर्डमधून पदवीधर झाल्या त्या वर्षीचा! लुईस १९६२ साली वारलेदेखील. बाईंची खरी कारकीर्द तेव्हा कुठे सुरू होत होती.

येथे थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शाळेची ती ३५ वर्षे फुकट गेली नाहीत हे माझे म्हणणे आहे. त्यांची किंमत द्यावी लागली नाही असे मात्र मी म्हणत नाही. किंमत फार मोठी होती. आठवड्याचे पाच दिवस मुलांत गेले, रात्री अभ्यासात गेल्या, आणि १९६० च्या आधीची त्यांची चित्रे मोजकीच आहेत. त्या गोऱ्या पुरुष असत्या तर पन्नाशीतच त्यांचे नाव झाले असते, हे म्हणायला ज्योतिषी लागत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत : समाजाने त्यांचा वेळ हिरावून घेतला, आणि उरलेल्या वेळाचे त्यांनी सोने केले.

खिडकीतले झाड

१९६० साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, बाई निवृत्त झाल्या. पेन्शन होती, घर स्वतःचे होते, लग्न त्यांनी केलेच नव्हते. चित्र विकले तरच चूल पेटेल अशी स्थिती नव्हती. बाजाराला काय आवडते याचा विचार न करता त्यांना चित्र काढता आले ते यामुळे. शाळेच्या पगारातून निघालेले हे स्वातंत्र्य होते, हेही हिशेबात धरले पाहिजे.

पण १९६४ च्या सुमारास संधिवाताने त्यांना गाठले. बोटे वळेनात, पाय उचलेनात. चित्रकला संपली असे त्यांना वाटू लागले. तशात हॉवर्ड विद्यापीठातून जेम्स पोर्टर यांनी त्यांच्या आजवरच्या चित्रांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. बाईंच्या मनाने घेतले की जुनीच चित्रे काय मांडायची? काहीतरी नवे, आजवर न केलेले करून दाखवायचे. घराच्या पुढच्या खिडकीत एक हॉली वृक्ष होता. त्याच्या पानांच्या फटींतून ऊन आत येई, भिंतीवर हले, तुकड्या-तुकड्यांनी चमके. हे दृश्य त्या कित्येक वर्षे रोज पाहत होत्या. आता प्रथमच त्यांनी पानाचे चित्र न काढता, पानांमधून येणाऱ्या उजेडाचे चित्र काढले.

१९६६ च्या त्या प्रदर्शनापासून त्यांची स्वतःची शैली सुरू झाली. ती समजून घेण्यासारखी आहे. जवळून पाहिले तर कॅनव्हासवर बोटभर लांबीचे, सुटे-सुटे रंगाचे ठिपके दिसतात; ठिपके म्हणण्यापेक्षा छोट्या विटा म्हणाव्यात. या विटा एकाखाली एक रचून उभे पट्टे होतात, किंवा एकाभोवती एक फिरत जाऊन वर्तुळे होतात. दोन विटांमधून खालचा पांढरा कॅनव्हास डोकावतो. पानांच्या फटींतून ऊन येते तसा हा पांढरा चित्रभर हलत राहतो. माध्यम होते अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवायचा पण चटकन वाळणारा रंग. तो चटकन वाळत असल्याने शेजारचे रंग एकमेकांत मिसळत नाहीत. तांबड्याच्या कडेला हिरवा ठेवला तर दोन्ही आपापल्या जागी राहून एकमेकांना अधिक तेज देतात. आपली पैठणी ज्या न्यायाने उठून दिसते, तोच हा न्याय.

वरवर हे सारे उत्स्फूर्त वाटते. वस्तुतः त्यामागे काटेकोर आखणी आहे. बाई आधी कागदावर रंगाचे नमुने करीत, रंगवलेले कागद कापून त्यांच्या पट्ट्या जोडून पाहत, आणि मग कॅनव्हासवर पेन्सिलीच्या पुसट रेघा आखून रंग भरीत. त्या रेघा अनेक चित्रांत अजून दिसतात. गणित आणि वास्तुरचना आवडणारी मुलगी अशी पन्नास-पंचावन्न वर्षांनी हातात पट्टी-पेन्सिल घेऊन परत आली. कागद कापून रचना करणे हे तर शाळेच्या वर्गातले रोजचे काम. लुईस किंवा नोलंड पातळ रंग कोऱ्या कापडात जिरवीत, ब्रशची खूण मागे ठेवत नसत. बाईंच्या चित्रात प्रत्येक वीट हाताने घातलेली आहे आणि त्या हाताचा थरकापही तिच्यात उतरला आहे. विशेष म्हणजे यासाठी त्यांच्याकडे मोठा स्टुडिओ नव्हता. घरातल्याच लहानशा जागेत, कधी कॅनव्हास मांडीवर आणि कोचावर तोलून धरून, त्या रंगवीत असत.

रंगाविषयी लिहिता-बोलताना त्या योहानेस इटेन या स्विस रंगतज्ज्ञाचा आधार घेत. इटेन स्वतः मुळात प्राथमिक शिक्षक होते आणि पुढे जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध कलासंस्थेत शिकवू लागले. एका शिक्षकाचे शास्त्र असे दुसऱ्या शिक्षिकेच्या हाती आले.

फुलांपासून चंद्रापर्यंत

या काळातील चित्रांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला पृथ्वीचा. विमानातून खाली पाहिले तर फुलांचे ताटवे कसे दिसतील, अशा कल्पनेने केलेली ही चित्रे. १९६९ च्या एका चित्राचे नाव तर फुलांची यादीच आहे : ‘आयरिस, ट्यूलिप, जॉन्क्विल आणि क्रोकस’. दुसरा गट अवकाशाचा. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा बाई ७७ वर्षांच्या होत्या. घोडागाडीच्या जमान्यात त्यांचा जन्म. राइट बंधूंनी विमान उडवले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. आणि आता टेलिव्हिजनवर त्या चंद्रावरची पावले पाहत होत्या! त्यांच्या वयाची माणसे ‘काय हे नसते उद्योग’ म्हणत असतील. बाई मात्र ब्रश घेऊन बसल्या. अपोलो-१० मोहिमेतील चांद्रयानाला ‘स्नूपी’ असे लाडके नाव होते. त्या स्नूपीला पृथ्वी कशी दिसली असेल, हे त्यांनी रंगवले. १९७० सालच्या ‘ग्रहण’ या चित्रात मध्यापासून जरा बाजूला सरकलेले काळसर वर्तुळ आहे आणि त्याभोवती रंगांची कडी फुटत गेली आहेत. १९७२ च्या ‘तारांकित रात्र आणि अंतराळवीर’ या चित्रात निळाच निळा पसारा आहे, आणि वरच्या कोपऱ्यात तांबड्या-पिवळ्याचा एक लहानसा पुंजका. तेवढ्या पुंजक्याने आकाश किती मोठे आहे ते कळते. चंद्रावर जाण्याइतकेच अशक्य असे स्वप्न पाहणाऱ्या त्या शाळकरी मुलीची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

रंग आणि लढा

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळू. हा सारा काळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा होता. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या १९६८ साली झाली, शहरे पेटली, वॉशिंग्टनही पेटले. बाईंच्या घराजवळचा भाग होरपळला. कृष्णवर्णीय कलावंतांनी लढ्याची चित्रे काढावीत, असा आग्रह तरुण मंडळी धरीत होती. अशा वेळी एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई फुलांची आणि चंद्राची चित्रे काढते, हा पळपुटेपणा नव्हे काय?

आरोप सोपा आहे. पण २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनमधील विराट मोर्चात बाई ७१ व्या वर्षी स्वतः गेल्या होत्या आणि त्यावर त्यांनी चित्रही केले होते. लढा त्यांना माहीत नव्हता असे नाही. तो त्यांच्या बुटांतल्या वाळूपासून सुरू झाला होता. तरीही माणसाने माणसावर केलेल्या क्रौर्यापेक्षा रंगांतून सौंदर्य आणि आनंद दाखवायचा, हे त्यांनी जाणूनबुजून ठरवले होते. माझ्या मते या निर्णयातही शाळेतील बाई बोलत होत्या. ज्या मुलांना रस्त्यावर रोज अपमान पाहायला मिळतो, त्यांना वर्गात पुन्हा अपमानाचेच चित्र काढायला लावायचे की रंगांचा पेटारा उघडून द्यायचा? बाईंनी ३५ वर्षे पेटारा उघडून दिला होता. फुलांचा आनंद ही गोऱ्यांचीच मिरास आहे, असे मान्य करायला त्या तयार नव्हत्या. हीही एक लढाईच. याला उत्तर असू शकते, आणि आपल्या प्राध्यापकांपैकी कोणी ते दिले तर मला वाचायला आवडेल.

दुसरा आरोप नकलेचा. १९६३ सालच्या त्यांच्या ‘वाटुसी’ या चित्रात फ्रेंच चित्रकार मातीस यांच्या ‘गोगलगाय’ या १९५३ सालच्या कागदकामाची रचना फिरवून आणि रंग बदलून वापरलेली आहे. नावही त्या काळच्या एका लोकप्रिय नाचाचे. २००९ साली हे चित्र ओबामा यांच्या काळात व्हाइट हाउससाठी निवडले गेले तेव्हा काहींनी ‘ही तर नक्कल’ अशी ओरड केली. गायनात गुरूची बंदिश शिष्य गातो तेव्हा आपण त्याला चोर म्हणत नाही. तो आपले काय घालतो ते पाहतो. थोराचा धडा गिरवून पाहायचा आणि मग पाटी पुसून आपले लिहायचे, ही वर्गातली जुनी रीत बाईंनी स्वतःलाही लावली. तीनच वर्षांनी त्यांना स्वतःची लिपी सापडली, हे त्या धड्याचे फळ.

व्हिटनीची भिंत

१९७२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात थॉमसबाईंच्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. वय वर्षे ८०. मात्र हा मान केवळ संग्रहालयाच्या औदार्यातून आलेला नव्हता. कृष्णवर्णीय कलावंतांना डावलले जाते म्हणून १९६९ पासून कलावंतांच्या संघटना न्यूयॉर्कच्या संग्रहालयांसमोर निदर्शने करीत होत्या, व्हिटनीवर दडपण आणीत होत्या. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या तरुणांनी दार ढकलले आणि त्या दारातून रंग घेऊन बाई आत गेल्या. लढ्याची कला आणि आनंदाची कला अशी एकमेकींच्या उपयोगी पडली. त्या प्रसंगी वार्ताहराशी बोलताना बाईंनी लहानपणाची आठवण काढली : आम्हाला संग्रहालयात जाताही येत नसे, तेथे आपले चित्र लावण्याची गोष्टच दूर, आणि आता माझ्याकडे पाहा! त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनातही त्यांचे प्रदर्शन झाले. होय, जेथे लोइस जोन्स यांना चित्र दुसऱ्याच्या हाती धाडावे लागले होते, तेच हे दालन. शहराच्या महापौरांनी ९ सप्टेंबर १९७२ हा ‘आल्मा थॉमस दिन’ म्हणून जाहीर केला.

१९७४ साली पडून त्यांचे कमरेचे हाड मोडले. तरीही १९७६ साली त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या चित्रांपैकी एक पुरे केले. ‘रॉक अँड रोलच्या तालावर गाणारी-नाचणारी लाल अझेलिया फुले’ असे त्याचे लांबलचक नाव. तीन कॅनव्हास जोडून १३ फुटांहून अधिक रुंद आणि ६ फूट उंच. नीट उभे राहणेही ज्यांना कठीण, त्या चौऱ्याऐंशीच्या घरातील बाईंनी पांढऱ्यावर तांबड्या तुकड्यांचा असा काही नाच मांडला की पाहणाऱ्याचे पाय थिरकावेत. २४ फेब्रुवारी १९७८ रोजी हॉवर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

२०१५ साली त्यांचे १९६६ चे ‘पुनरुत्थान’ हे चित्र व्हाइट हाउसच्या भोजनकक्षात लावण्यात आले. तेथील कायम संग्रहात दाखल झालेले कृष्णवर्णीय स्त्रीचे ते पहिले चित्र. तीन फूट लांब, तीन फूट रुंद. त्यात रंगांची कडी एकाभोवती एक फिरतात. संधिवाताने वळेनाशा झालेल्या बोटांनी, खिडकीतल्या झाडाकडे पाहून काढलेल्या पहिल्या काही चित्रांपैकी हे एक.

वर्ग आणि कॅनव्हास

आता त्या पहिल्या वाक्याचा विचार करू. १९६६ साली बाईंनी एकाएकी जी शैली काढली असे आपण म्हणतो, तिच्यात काय काय आहे? कागद कापून रचना करण्याची वर्गातली पद्धत आहे. बाहुल्यांच्या पोशाखातले तुकडे जोडणे आहे. थोराचा धडा गिरवण्याची सवय आहे. दोन रंग शेजारी ठेवले की काय होते, हे दर जूनमध्ये नव्या मुलांना नसले तरी दर सत्रात नव्या मुलांना पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगणे आहे. अशी गोष्ट ३५ वर्षे पुन्हा पहिल्यापासून सांगणाऱ्याला ती कंटाळवाणी तरी होते, किंवा इतकी स्वच्छ होते की तिच्यावाचून दुसरे काही सांगावेसे वाटत नाही. थॉमसबाईंच्या बाबतीत दुसरे घडले. उतारवयातील त्यांच्या चित्रांत पसारा नाही, गूढाचा आव नाही. रंग म्हणजे काय, एवढेच त्या सांगतात. पण ते असे, की आजवर कोणी सांगितलेच नव्हते असे वाटावे.

म्हणून आपल्यातील जे मित्र-मैत्रिणी पुढे शिक्षक होतील त्यांना ‘संपलास’ असे कोणी म्हणाले तर त्यांनी या बाईंचे नाव सांगावे. परंतु नुसते नाव सांगून भागणार नाही. दिवसाची शाळा सुटल्यावर ५९ व्या वर्षी पुन्हा पाटी घेऊन बाकावर बसण्याची तयारीही हवी. आणि जे शिक्षक होणार नाहीत, पण पुढे संस्था चालवतील, कलादालने सांभाळतील, निवडसमित्यांवर बसतील, त्यांच्यासाठीही या चरित्रात एक धडा आहे. एखाद्या बाईचे चित्र भिंतीवर लागायला ८० वर्षे लागली, ही तिच्या चिकाटीची कथा आहे हे खरे. त्याहून अधिक ती भिंतीच्या मालकांची कथा आहे.